छुट्टीचा रंग

नेलपॉलिशची बाटली आमच्या घरात महिन्यातून पाच-सहा दिवसच उघडायची. एरवी ती कपाटात सुरमेदाणीच्या मागे पडून असे. कारण मुसलमान घरांतून सगळ्यांना ठाऊक आहे, पण या अंकाचे वाचक सगळीकडचे असतात म्हणून सांगतो. नमाजआधी वजू लागतो. वजूत कोपरापर्यंत हात धुवायचे असा कुरआनातला हुकूम आहे, सूरह माइदाच्या सहाव्या आयतीत. हात म्हटले की नखं आलीच. नखावर रंगाचा थर असला की पाणी नखाला लागत नाही, वजू होत नाही, आणि वजू नाही तर नमाज नाही. नखात कणीक अडकून वाळली आणि तिच्याखाली पाणी गेलं नाही तरी वजू झाला नाही, असं ‘बहिश्ती जेवर’मध्ये सांगितलेलं आहे. आमच्या आयांना हे पुस्तक जहेजमध्ये मिळालेलं. मेहंदीला मात्र हरकत नाही. मेहंदी रंग सोडते, थर ठेवत नाही.

मग नेलपॉलिश लावायची कधी? ज्या दिवसांत बाईला नमाज माफ असते, त्या दिवसांत. आमच्याकडे त्याला ‘छुट्टी’ म्हणतात. ‘आज छुट्टी क्या गे?’ एवढं विचारलं की पुढचं सगळं आलं.

म्हणजे गंमत अशी की जी गोष्ट बाई भावापासून, सासऱ्यापासून, दिरापासून लपवत असते, ती तिची दहा बोटं घरभर सांगत फिरतात. आमच्या शाळेत नववीची एखादी मुलगी नखं रंगवून आली की मागच्या बाकावर खसखस पिकते. ती मुलगी हात ओढणीत घेते आणि मग वहीत काही लिहीत नाही. फळ्याजवळून हे सगळं दिसतं. यावर काय बोलायचं ते बी.एड.ला कुणी शिकवलेलं नव्हतं.

आम्ही ‘आम्ही’ म्हणतो आहोत ते दोन कारणांनी. वर्षानुवर्षं उर्दूतून शिकवल्यामुळे ‘हम’ जिभेवर बसलं आहे, ते मराठी लिहितानाही सुटत नाही. दुसरं म्हणजे या गोष्टीत खरोखरच आम्ही तिघी होतो. घरची थोरली नणंद, म्हणजे आपा. तलाक होऊन ती माहेरी परत आली त्याला बरीच वर्षं झाली. जेठांची मुलगी, तेव्हा दहावीची परीक्षा दिलेली. आणि तिची ही चाची. अम्मींचा, म्हणजे सासूबाईंचा, यात काही हात नव्हता. नंतर कसा आला ते पुढे सांगतो.

२०२० चा रमजान एप्रिलच्या शेवटी सुरू झाला तेव्हा टाळेबंदीला महिना झाला होता. मशिदी बंद. सोलापुरात उन्हाळा पेटलेला. विजापूर वेशीतला रमजानचा बाजार भरणार नव्हता. आजवर पुरुष मशिदीत जात आणि घरातल्या बायका ज्याच्या त्याच्या सवडीने कोपऱ्यात मुसल्ला टाकून नमाज उरकत. कोण पढली, कोण नाही, कुणाला पत्ता नसे. त्या वर्षी घरातच जमात उभी राहिली. पुढे भाईजान इमाम, मागे पुरुष आणि मुलं, त्यांच्या मागे आम्ही. तरावीहसुद्धा घरात. आता रांगेत कोण नाही ते पाचही वक्ताला सगळ्यांसमोर दिसू लागलं. रोज्याचंही तेच. छुट्टीच्या दिवसांत आम्ही स्वयंपाकघराचं दार लोटून दोन घास खात होतो, आणि धाकटा पुतण्या नेमका तेव्हाच पाणी मागायला यायचा.

अशात एक दिवस पुतणीने नखं लाल केली. भाईजानांनी इफ्तारला बघितली, काही बोलले नाहीत. मोठ्या भावाने मात्र विचारलं, ‘‘तेरेकू रोजा नै क्या?’’ ती ताटावरून उठली.

रात्री ती आम्हाला म्हणाली, ‘‘चाची, मैं रोज लगाती. रोज लाल दिसले तर कुणाला काय कळणार?’’

पोरीचा मुद्दा बिनतोड होता. रंग सदासर्वदा असेल तर तो कशाचीच खूण राहत नाही. अडचण एवढीच की नमाजच्या दिवसांतही लावायचा असेल तर पाच वेळा काढावा लागणार. रिमूव्हरने रोज पाचदा काढला तर नखांचं काही उरणार नाही. ॲसिटोन रंग विरघळवतो तसं नखाचं तेल-पाणीही ओढून नेतो. नखं पांढुरकी पडतात, पापुद्रे सुटतात. शिवाय ते पेटतं. गॅसजवळ बाटली उघडायची नाही हे अम्मींनी लेबल न वाचताच, वासावरून सांगितलं होतं.

तिने आणखी एक सवाल टाकला. चामड्याच्या मोज्यांवर मसह चालतो ना? वजू करून मोजे चढवले की घरी असणाऱ्याला एक दिवस-रात्र आणि मुसाफिराला तीन दिवस-रात्री पाय धुवावे लागत नाहीत, ओला हात फिरवला की पुरतं. मग वजू करून नेलपॉलिश लावली तर तिच्यावर का चालू नये? आम्ही हा सवाल फोनवरून मोहल्ल्यातल्या मौलानांना विचारला. ते हसले. म्हणाले, मोज्यांची सवलत मोज्यांपुरतीच, पायांपुरतीच. तिच्यावरून नखांचा हुकूम काढता येत नाही. उत्तर आम्हाला ठाऊकच होतं. पण मुलीने विचारलं याचा आनंद वाटला. वर्गात तिच्या वयाच्या मुली असं विचारत नाहीत, आणि त्याचा दोष त्यांच्याकडे जात नाही.

सोलून निघणारी नेलपॉलिश बाजारात मिळते म्हणून ऐकलं होतं, पण बाजारच बंद. आपाने मोबाइलवर कुठेतरी बघून ठेवलं होतं की पांढऱ्या गोंदाचा थर आधी द्यायचा. घरात मुलांचा फेव्हिकॉल होता. त्यात थेंबभर पाणी घालून नखावर पातळ फिरवायचं. दुधासारखं दिसतं. वाळून पारदर्शक झालं की त्यावर रंग. हा गोंद पाण्याने पुन्हा मऊ पडतो. त्यामुळे वजूआधी हात दोन मिनिटं कोमट पाण्यात धरायचे, कडेला काडी घालायची, आणि रंगाची आख्खी टोपी निघून येते. ना ॲसिटोन, ना वास. उरलेला गोंद चोळून धुवायचा, बोट फिरवून नख खरखरीत लागेपर्यंत, कारण तोही थरच. तोटा असा की भांडी घासली की दोन नखं गळतात. पहिल्या दिवशी एक सापडलं ते डाळीत.

तरी पाच वेळा काढून पाच वेळा लावणं कुणाच्यानेच होणार नव्हतं. पुतणीने आपला हिशेब बसवला: इशा आणि तरावीह झाल्यावर लावायचं, सहरीला काढायचं. म्हणजे दिवसा तिची नखं कोरी आणि रात्री रंगीत, महिनाभर, छुट्टी असो नसो. छुट्टीतही ती सहरीच्या वेळी काढून टाकायची, तेवढं पथ्य तिने पाळलं. चार दिवसांत घरच्यांचं लक्ष उडालं. एका रात्री भाईजान तिच्या नखांकडे बघून फक्त म्हणाले, ‘‘आज हरा?’’

रोज लावायचं ठरल्यावर एकाच रंगाचा कंटाळा येणारच. तिथून आमचं खरं शिक्षण सुरू झालं. रात्री तरावीहनंतर सहरीपर्यंत तीन-चार तास मिळायचे. बाटल्या चार: लाल, पांढरी, हिरवी आणि एक पारदर्शक. अवजारं घरातली. ठिपके देण्यासाठी विकत मिळणारी गोल टोकाची काडी असते. आम्ही केसाची पिन वापरली. लहान ठिपक्याला संपलेली रिफिल, त्याहून लहानाला खोडरबरात खुपसलेली टाचणी, तिचा डोक्याकडचा भाग वर ठेवून. पाच ठिपके गोलात, मध्ये सहावा, झालं फूल. ठिपके ओले असतानाच टाचणीचं टोक मधून बाहेर ओढलं की पाकळी होते. रेघांसाठी जुन्या बाटलीचा ब्रश कात्रीने इतका विरळ केला की चारच केस उरले.

सेलोटेपचं काम आपाला सर्वांत चांगलं जमलं. टेप आधी हाताच्या पाठीवर एकदोनदा चिकटवून तिची चिकटी कमी करायची, नाहीतर ती खालचा रंग घेऊन उठते. खालचा रंग पुरता वाळलेला हवा. बोटाला कोरडा लागला म्हणजे वाळला असं नव्हे, अर्धा तास तरी जाऊ द्यावा. वरचा रंग मात्र ओला असतानाच टेप उचलायची. वाळू दिला तर कड फाटकी येते. हे उलटसुलट नियम लक्षात ठेवायला पुतणीने कपाटाला कागद चिकटवला होता. रंग लावण्याचेही नियम होते: बाटली जोराने हलवायची नाही, बुडबुडे येतात, दोन तळव्यांत फिरवायची. एका जाड थरापेक्षा दोन पातळ. पहिला फटकारा मधोमध, मग दोन बाजू, शेवटी नखाच्या पुढच्या कडेवरून ब्रश नेऊन तोंड बंद करायचं, म्हणजे टवके उडत नाहीत.

पाण्यावरची नक्षी आम्हाला उन्हाने नीट करू दिली नाही. वाटीत पाणी घेऊन त्यावर रंगाचा थेंब सोडायचा, तो पसरला की त्यात दुसरा, त्यात तिसरा, मग टूथपिकने रेघा ओढायच्या आणि बोट बुडवायचं. संगमरवरासारखी नक्षी नखावर उतरते. पण नेलपॉलिश म्हणजे नायट्रोसेल्युलोज, इथिल आणि ब्युटिल ॲसिटेटसारख्या झटकन उडणाऱ्या द्रावकांत विरघळवलेला. पूर्वी सिनेमाची रिळं ज्याची असत आणि भुरूभुरू पेटत, त्याच जातीचा पदार्थ. द्रावक उडाला की पडदा उरतो. सोलापूरच्या मे महिन्यात तो तिसरा थेंब पडायच्या आतच उडतो, आणि पाण्यावर दुधाची साय धरावी तशी रंगाची साय धरते. त्यात पंखा बंद ठेवावा लागे. रात्री एक वाजता पंखा बंद करून तिघी जणी एका वाटीवर वाकलेल्या, घाम नाकावरून पाण्यात पडतोय, हे अम्मींनी उठून बघितलं आणि ‘‘दीवाने हो गए सब’’ म्हणून परत झोपायला गेल्या.

ईद २५ मेला झाली, घरातच. पुतणीच्या नखांवर हिरव्यावर पांढरे चाँदतारे होते. आधी नमाज, मग नखं, मग शीरखुर्मा, असा क्रम तिने लावून घेतला होता.

शाळा सुरू झाल्या, पुतणी कॉलेजला गेली आणि आमचा हात त्यातून निघाला. आपाचा मात्र निघाला नाही. शिक्का मारायची पत्र्याची थाळी तिने मागवली. तिच्यावर नक्षी कोरलेली असते. रंग ओतायचा, जुन्या रिचार्ज कार्डाने निपटून काढायचा, रबरी शिक्का दाबून नक्षी उचलायची आणि नखावर टेकवायची. सगळं दोन-तीन सेकंदांत. त्याला दाट रंग लागतो, साधा रंग उचलतच नाही.

त्याच सुमारास ‘पाणी जाणारी’ नेलपॉलिश आपाच्या हाती आली. अशा नेलपॉलिशचा गवगवा २०१३ साली पोलंडच्या इंग्लॉट कंपनीच्या ‘ओटूएम’मुळे जगभर झाला होता, नंतर ‘हलाल’ असा शिक्का मारून कितीतरी कंपन्यांनी तशा बाटल्या काढल्या. आपाची बाटली कुठली ते सांगत नाही. आम्ही प्रयोग केला. टिश्यू पेपरच्या दोन-दोन घड्या घेतल्या. एकीवर काहीच नाही, दुसरीवर साधी नेलपॉलिश, तिसरीवर हिचा एक थर, चौथीवर दोन थर. रात्रभर वाळवल्या. सकाळी प्रत्येकीवर पाण्याचा थेंब टाकून दहापर्यंत मोजत बोटाने चोळलं आणि खालचा कागद बघितला. कोरी लगेच भिजली. साधी ठणठणीत कोरडी. एका थराखाली ओल उतरली होती. दोन थरांखाली कोरडं. आणि दोन थरांशिवाय रंग दिसतच नाही! शिवाय कागद रंग पितो, नख पीत नाही, तेव्हा एका थराच्या ओलीवरही फार विसंबता येणार नव्हतं. वाफ जाणं वेगळं आणि पाणी वाहून पोचणं वेगळं, असं मौलाना म्हणाले ते आम्हाला विज्ञानानेही पटलं. काही मुफ्ती अशा बाटल्यांना परवानगी देतात, काही देत नाहीत. आपाने ती बाटली बंद करून सुरमेदाणीच्या मागे ठेवली.

यानंतर ती मेहंदीकडे वळली आणि आमच्या मते तिचं सर्वांत चांगलं काम तेच. पूर्वी आमच्याकडे बोटांची टोकं मेहंदीत बुडवायची रीत होती. सगळं नख एकसारखं भगवं व्हायचं. नख केरॅटिनचं, आणि मेहंदीतलं लॉसोन केरॅटिनला घट्ट धरून बसतं. कातडी झडते म्हणून हातावरची मेहंदी आठ-पंधरा दिवसांत उतरते. नखावरची झडत नाही, नखाबरोबर पुढे सरकते. हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं, म्हणजे रंग पुरता कापला जायला सहाएक महिने. आपाने नखावर स्टिकरच्या कागदाचे बारीक तुकडे चिकटवले, चौकटी, चांदण्या, आडव्या पट्ट्या, आणि वर लिंबू-साखरेची मेहंदी थापली. पाच तास ठेवली, तव्यावरच्या लवंगांची धुरी दिली, कोरडीच खरवडली. स्टिकर काढले तर खाली नखाचा मूळ गुलाबी रंग आणि भोवती नारिंगी. दोन दिवसांत नारिंगीचा तपकिरी झाला. वजू होतो, भांडी घासता येतात, शाळेत कुणी हरकत घेत नाही. छुट्टीतही तेच नख, नमाजलाही तेच. मागच्या बाकावरच्या मुलींनी ते शिकून घेतलं आणि आता वर्गातली निम्मी नखं चौकटीची आहेत. नखं चाळीस दिवसांपेक्षा जास्त वाढू देऊ नयेत असं हदीसमध्ये आहे, तेव्हा नक्षीला फार जागा मिळत नाही, पण पुरते. काळी मेहंदी मात्र आपा घरात येऊ देत नाही. तिच्यात बऱ्याचदा केसाच्या कलपातलं पीपीडी असतं, कातडी भाजते, फोड येतात.

लोकांकडून पैसे मिळाले ते दुल्हनच्या नखांमुळे. हल्ली लग्नात नखं लांब हवीत, फोटोत दिसायला हवीत. पार्लरमध्ये दिव्याखाली वाळवून पक्का करायचा जेल लावतात, किंवा ॲक्रिलिक चढवून नख वाढवतात. दिसतं सुरेख. पण ते ॲसिटोनमध्ये बुडवून ठेवल्याशिवाय सुटत नाही, आणि लग्नानंतर वजू तर जाऊ द्या, गुस्लसुद्धा पुरा होत नाही. नव्या नवरीने हे सासरी कुणाला सांगायचं? एका मुलीने तिसऱ्या दिवशी आपाला रडत फोन केला होता. तिने ब्लेडने खरवडून स्वतःची नखं रक्ताळून घेतली होती. जेल घट्ट करणारं टीपीओ नावाचं रसायन युरोपीय संघाने सप्टेंबर २०२५ पासून सौंदर्यप्रसाधनांत बंद केलं, हे आता कळलं. आपाने दिवा घेतला नाही तो त्या फोनमुळे.

तिने प्लास्टिकची कोरी नखं मागवली. ती सरावासाठी मिळतात, शेकड्याने. आमच्या शैक्षणिक साहित्याच्या पुठ्ठ्यांवर दुहेरी टेप लावून त्यावर ती ओळीने उभी करते आणि रंगवते. हात कुणाचा धरावा लागत नाही, कुणी हालत नाही, चुळबुळ करत नाही. ठिपके, टेप, शिक्का, सगळं त्यावर. मुलीने आधी येऊन बोटांची मापं द्यायची. निकाहच्या संध्याकाळी चिकटपट्टीने नखं लावायची, फोटो काढायचे, इशाच्या आधी कोमट पाण्यात हात धरून काढायची, डबीत ठेवायची, वलीम्याला परत लावायची. एका डबीत चोवीस, सगळी मापं धरून. गेल्या रमजानमध्ये चाँदरातपर्यंत एकतीस डब्या गेल्या. तिच्या भावांनी पहिल्यांदा विचारलं, नखं विकून काय मिळतं? तिने वीजबिल भरून दाखवलं, पुन्हा विचारलं नाही.

आता अम्मींचं. अम्मींनी चाळीस वर्षं विड्या वळल्या. दिवसाला हजार. तेंदूची पानं मापाने कापायची, तंबाखू भरायचा, वळायची, दोरा बांधायचा, तोंड नखाने मुडपायचं. त्यांच्या अंगठ्याचं नख अजून पिवळं आणि कडेने झिजलेलं आहे. नेलपॉलिश त्यांनी आयुष्यात लावलेली नाही; विडी वळणाऱ्या बाईच्या नखावर रंग किती वेळ टिकणार, असं त्या म्हणतात. स्टिकरच्या चौकटी कापताना आपाची कात्री वाकडी जायची. एक दिवस अम्मींनी ती हातातून काढून घेतली आणि न आखता, न मोजता, गहू-गव्हाएवढ्या चौकटी पाडल्या. सगळ्या सारख्या. तेव्हापासून कापणं त्यांच्याकडे आहे.

डब्या भरण्याचं कामही त्यांनीच ओढून घेतलं. पहिल्या दिवशी त्यांनी नखं मोजली आणि विचारलं, ‘‘चोवीसच का?’’

‘‘कंपनीच्या डबीत चोवीसच असतात, अम्मी.’’

‘‘पच्चीस का कट्टा होता,’’ अम्मी म्हणाल्या, आणि प्रत्येक डबीत एक नख जास्त टाकलं. करंगळीचं, कारण हरवतं ते बहुधा तेच. आपाच्या डबीत अजूनही पंचवीस नखं असतात.